कार्ड खिशात, पैसे गायब: उपचारासाठी परळला जाणाऱ्या शेतकरी कुटुंबांनी काय जाणून घ्यावे?



उसाचे बिल, कापूस-सोयाबीनची पट्टी, पीकविम्याची भरपाई, पीएम किसानचा हप्ता हे सगळे पैसे आता बहुतेक वेळा थेट बँक खात्यात जमा होतात. त्यामुळे घरातले आजारी माणूस घेऊन मुंबई गाठताना पूर्वीसारखी रोकड कमरेला बांधून न्यावी लागत नाही. एटीएम कार्ड खिशात असले की भागते.

मुंबईला म्हणजे बहुतेकदा परळला. कर्करोगासाठी टाटा स्मारक रुग्णालय, इतर आजारांसाठी केईएम, लहान मुलांसाठी वाडिया ही तिन्ही रुग्णालये याच परिसरात आहेत. राज्यातले क्वचितच एखादे गाव असेल, जिथल्या कोणाला ना कोणाला परळची फेरी करावी लागली नाही. राहण्याची सोय दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, एखाद्या नातेवाइकाच्या खोलीत, नाहीतर रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर. दिवस रांगेत जातो. औषधे, तपासण्या, जेवण, टॅक्सी यासाठी रोज थोडे थोडे पैसे काढावे लागतात, तेही अनोळखी यंत्रातून, घाईत आणि थकलेल्या डोक्याने.

अशा वेळी कार्डाची नक्कल करून खाते रिकामे केले, तर नुकसान केवळ पैशांचे राहत नाही. उपचाराची तारीख पुढे जाते. म्हणून हा विषय केवळ शहरातल्या नोकरदारांचा नाही. या लेखातला मुख्य मुद्दा आधीच सांगतो. कार्डाची नक्कल होते, तेव्हा चूक बहुधा तुमची नसते आणि नियम तुमच्या बाजूने असतात. पण नियमाचा पूर्ण फायदा मिळण्यासाठी तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार करावी लागते आणि शेतकरी नेमका तिथे मागे पडतो.

कार्डाची नक्कल होते कशी?

कार्डाच्या मागे काळी चुंबकीय पट्टी असते. तिच्यावर कार्ड क्रमांक, मुदत अशी माहिती साठवलेली असते आणि ती प्रत्येक व्यवहाराला तीच राहते. भामटे एटीएमच्या कार्ड घालायच्या खाचेवर तशाच दिसणाऱ्या आवरणात एक छोटे वाचकयंत्र बसवतात. त्याला 'स्किमर' म्हणतात. तुम्ही कार्ड घातले की खरे यंत्र पैसे देते आणि स्किमर पट्टीवरची माहिती टिपून घेतो. पिन मिळवण्यासाठी आकड्यांच्या कळांच्या वर बारीक कॅमेरा लपवतात किंवा कळांवर दुसरा बनावट कळफलक चिकटवतात. नंतर ही माहिती कोऱ्या कार्डावर उतरवली की नक्कल तयार होते. हॉटेल, दुकान किंवा पेट्रोल पंपावर कार्ड नजरेआड नेले, तर हातात मावणाऱ्या यंत्रानेही हेच करता येते.

यात लक्षात घ्यायची गोष्ट अशी की तुम्हाला कोणाचा फोन येत नाही, ओटीपी विचारला जात नाही, कार्डही हरवत नाही. तुमचे पैसे त्या वेळी बरोबर मिळतात. चोरी काही दिवसांनी आणि दुसऱ्याच गावात होते. ऑगस्ट २०१६ मध्ये केरळातील तिरुवनंतपुरम येथे एका एटीएममध्ये स्किमर आणि कॅमेरा बसवून कार्डांची माहिती चोरली गेली. त्या प्रकरणातील रुमानियन आरोपीला मुंबईत अटक झाली आणि पैसेही मुंबईतल्या एटीएममधून काढले गेले होते. म्हणून 'मी त्या गावाला गेलोच नाही, तर माझे पैसे तिथे कसे निघाले?' या प्रश्नाने गोंधळून जाऊ नका. नक्कल झाल्याची हीच खूण आहे.

चिप आली, तरी पट्टी राहिली

कार्डाच्या पुढच्या बाजूला सोनेरी चौकोन दिसतो, ती चिप. चिप प्रत्येक व्यवहाराला नवा सांकेतिक आकडा तयार करते. त्यामुळे एकदा टिपलेली माहिती दुसऱ्यांदा उपयोगी पडत नाही. रिझर्व्ह बँकेने पट्टीची जुनी कार्डे ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत बदलून चिपची कार्डे देण्यास बँकांना सांगितले होते. त्यामुळे नक्कल करणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही.

तरीही चिपच्या कार्डावर बहुधा मागे काळी पट्टी असतेच. जिथे यंत्र अजून पट्टीवर व्यवहार स्वीकारते, विशेषतः काही परदेशी यंत्रांवर, तिथे नक्कल चालू शकते. म्हणून दुकानात कार्ड घासू देऊ नका, खाचेत घालायला सांगा. कार्ड जुने, बिनचिपचे असेल, तर परळला निघण्यापूर्वी शाखेत जाऊन बदलून घ्या.

पुण्यातल्या प्रकरणाने काय शिकवले?

नक्कल केलेल्या कार्डांचे महाराष्ट्रातले सर्वांत गाजलेले प्रकरण पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे आहे. ११ ऑगस्ट २०१८ या दिवशी, शनिवारी, बँकेच्या एटीएम यंत्रणेवर सायबर हल्ला झाला. कार्डाचा व्यवहार मंजूर करायचा की नाही, हा प्रश्न बँकेच्या मूळ यंत्रणेपर्यंत पोहोचूच दिला गेला नाही. हल्लेखोरांची यंत्रणाच परस्पर 'मंजूर' असे उत्तर देत होती. काही तासांत २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांनी सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातून सुमारे अडीच कोटी निघाले, त्यात कोल्हापूर, मुंबई आणि इंदूरची यंत्रेही होती. १३ ऑगस्टला आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण रक्कम ९४ कोटींच्या पुढे गेली. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले.

या प्रकरणात खातेदारांच्या शिलकीला धक्का लागला नाही, तोटा बँकेचा झाला. त्याआधी २०१६ मध्ये एटीएम चालवणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रणेत घातक प्रणाली शिरल्याने देशभरातील सुमारे ३२ लाख कार्डे धोक्यात आली होती आणि अनेक बँकांनी लाखो कार्डे बंद करून नवी दिली. दोन्ही घटनांत खातेदाराची काहीच चूक नव्हती. नक्कल यंत्राच्या, कंपनीच्या किंवा बँकेच्या पातळीवर झाली. त्यामुळे पैसे गेले की 'आपल्या अडाणीपणामुळेच गेले' असे मानून गप्प बसू नका. काउंटरवर कोणी 'तुम्हीच पिन दिला असेल' म्हटले, तरी तक्रार मागे घेऊ नका.

नक्कल, अदलाबदल आणि अंगठा: फरक ओळखा

पैसे कसे गेले यावर तुमचा हक्क ठरतो. म्हणून तीन प्रकार वेगळे ओळखावेत.

१. नक्कल: कार्ड तुमच्याजवळ, पिन कोणाला दिला नाही, तरी पैसे निघाले. येथे तुमची बाजू भक्कम असते.

२. अदलाबदल: यंत्र अडले म्हणून मागचा माणूस 'काका, द्या, मी काढून देतो' म्हणतो, पिन बघतो आणि तसेच दिसणारे दुसरे कार्ड हातात देतो. येथे पिन तुम्ही दाखवला, असे बँक म्हणू शकते. अशा निष्काळजीपणात तक्रार करेपर्यंतचे नुकसान खातेदाराला सोसावे लागते, तक्रारीनंतरचे बँकेला. व्यवहार झाला की हातातल्या कार्डावरचे नाव वाचण्याची सवय लावा.

३. अंगठ्याची नक्कल: आधार आणि अंगठा वापरून बँक मित्राकडून पैसे काढताना कार्ड लागत नाही. तेलंगण आणि आंध्र प्रदेशात जमिनीच्या नोंदणी दस्तांवरील अंगठ्यांचे ठसे घेऊन कृत्रिम अंगठे तयार केल्याची प्रकरणे पोलिसांनी उघड केली आहेत. ज्याच्या नावे जमीन, त्याचा अंगठा कागदावर असतोच, हे शेतकऱ्याने ध्यानात ठेवावे. आधारची 'बायोमेट्रिक लॉक' सुविधा एमआधार ॲपवर किंवा आधारच्या संकेतस्थळावर मिळते. मात्र लॉक केल्यावर रेशन दुकानातही अंगठा चालणार नाही. गरजेपुरता तो उघडावा लागतो. घरात ते करू शकणारे कोणी असेल, तरच ही सुविधा वापरा. चौकशीसाठी आधारचा क्रमांक १९४७ आहे.

तीन दिवसांचा हिशेब

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी व्यापारी व ग्रामीण बँकांसाठी आणि १४ डिसेंबर २०१७ रोजी सहकारी बँकांसाठी खातेदाराची जबाबदारी ठरवणारे नियम काढले. म्हणजे तुमचे खाते जिल्हा मध्यवर्ती बँकेत असले, तरी संरक्षण आहे. नियमांचा सारांश असा:

• चूक बँकेची असेल, तर तुमची जबाबदारी शून्य. तक्रार कधी केली, याने फरक पडत नाही.

• चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्यानेच काही केले असेल, तर बँकेकडून व्यवहाराची माहिती मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तुमची जबाबदारी शून्य.

• ४ ते ७ कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तुमच्यावर मर्यादित भार. जनधनसारख्या मूळ बचत खात्याला जास्तीत जास्त ५,००० रुपये, इतर बचत खात्यांना १०,००० रुपये.

• ७ दिवसांनंतर कळवल्यास बँकेच्या संचालक मंडळाने ठरवलेल्या धोरणाप्रमाणे.

एक उदाहरण पाहू. खात्यातून ४०,००० रुपये गेले. गुरुवारी रात्री संदेश आला. गुरुवार मोजायचा नाही. शुक्रवार पहिला दिवस. दुसरा शनिवार आणि रविवार सुट्टी. सोमवार दुसरा आणि मंगळवार तिसरा. मंगळवारपर्यंत तक्रार नोंदवली, तर पूर्ण ४०,००० परत मिळण्यास तुम्ही पात्र. गुरुवारी, म्हणजे पाचव्या दिवशी नोंदवली, तर बचत खात्यावर १०,००० तुमचे जातील आणि ३०,००० बँकेने द्यायचे. सुट्ट्या तुमच्या मूळ शाखेच्या धरल्या जातात, मुंबईतल्या शाखेच्या नव्हे.

तक्रारीनंतर १० कामकाजाच्या दिवसांत बँकेने वादातली रक्कम खात्यावर जमा दाखवायची असते, तीही मूळ व्यवहाराच्या तारखेपासून धरून. तक्रारीचा निकाल ९० दिवसांत लावायचा असतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, खातेदाराची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची आहे. 'माझी चूक नव्हती' हे तुम्ही सिद्ध करायचे नाही.

नियम चांगला, मग शेतकरी मागे का पडतो?

कारण हा सगळा हिशेब मोबाइलवर येणाऱ्या एका संदेशावर उभा आहे. नियम बनवताना असे गृहीत धरले आहे की खातेदाराचा मोबाइल त्याच्याच खिशात असतो, संदेश त्याला वाचता येतो आणि तो लगेच बँकेला कळवू शकतो. आपल्याकडे परिस्थिती अनेकदा वेगळी असते. खाते वडिलांचे, नोंदवलेला नंबर मुलाचा आणि मुलगा पुण्याला कामाला. किंवा जुने सिम रिचार्ज न केल्याने बंद पडलेले. किंवा संदेश इंग्रजीत आणि रोज येणाऱ्या जाहिरातींच्या ढिगात हरवलेला. पासबुक भरायला शाखेत जाणे होते ते थेट हंगामाच्या शेवटी. तोवर सात दिवस कधीच उलटलेले असतात.

रुग्णालयात असताना हे आणखी बिघडते. कार्ड परळला, पासबुक गावी, शाखेचा फोन नंबर कोणाकडेच नाही. 'गावी गेल्यावर बघू' असे म्हटले की हक्क हातचा जातो. बँकेने संदेश पाठवल्याची तारीख आणि वेळ नोंदवून ठेवणे बंधनकारक आहे. संदेश मिळालाच नव्हता असा तुमचा दावा असेल, तर ही नोंद लेखी मागा. पण वाद घालत बसण्यापेक्षा नंबर आधीच दुरुस्त करून ठेवणे कितीतरी सोपे.

पैसे गेल्याचे कळताच काय करावे?

१. प्रथम कार्ड बंद करा. बँकेच्या टोल फ्री क्रमांकावर, ॲपवर किंवा संदेशाने. कार्डाच्या मागे छापलेला क्रमांक वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. गुगलवर शोधलेल्या 'कस्टमर केअर' क्रमांकावर फोन करू नका, तिथेही भामटे असतात.

२. बँकेकडून तक्रार क्रमांक घ्या. तो देणे बँकेला बंधनकारक आहे. क्रमांकाशिवाय केलेली तोंडी तक्रार पुढे सिद्ध करता येत नाही.

३. १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करा. पैसे दुसऱ्या खात्यात वळवले असतील, तर ते गोठवता येण्याची शक्यता असते. एटीएममधून रोख निघाली असेल, तर ती थांबवता येत नाही, तरी नोंद उपयोगी पडते.

४. कार्ड तुमच्याजवळच होते याचा पुरावा जपा. त्या दिवसाची रुग्णालयाची पावती, केसपेपर, औषधाचे बिल यांवर तारीख असते. पैसे दुसऱ्या शहरात निघाले असतील, तर परळची ती पावती तुमचा सर्वांत भक्कम साक्षीदार आहे.

५. तक्रारीत एक वाक्य आवर्जून लिहा: 'ज्या एटीएममधून रक्कम काढली गेली, तेथील सीसीटीव्ही चित्रण जतन करावे.' हे चित्रण कायम ठेवले जात नाही.

६. पोलीस तक्रारीसाठी गावी परतायची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोठेही घडला असला, तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात माहिती देता येते.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १४४४८ या क्रमांकावर तुमची बँक त्या योजनेत येते का, हे आधी विचारा. याशिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव न्यायनिर्णय अधिकारी म्हणून नुकसानभरपाईचे दावे ऐकतात.

परळला निघण्यापूर्वीची तयारी

• शाखेत जाऊन खात्याला कोणता मोबाइल नंबर जोडला आहे, ते पाहा. जो माणूस रुग्णासोबत राहणार, त्याच्याजवळ तो मोबाइल असावा.

• किसान क्रेडिट कार्ड घरी ठेवा. त्या खात्यातून चोरी झाली, तर तुमचे कर्ज वाढलेले दिसते, त्यावर व्याज चढू लागते आणि वाद मिटेपर्यंत मुदतीत परतफेडीची व्याजसवलतही अडचणीत येऊ शकते.

• मोठी रक्कम कार्ड नसलेल्या खात्यात ठेवा आणि लागेल तसे पैसे कार्डाच्या खात्यात वळवा.

• बँकेला सांगून किंवा ॲपवरून परदेशी व्यवहार, ऑनलाइन खरेदी आणि 'टॅप' करून पैसे देण्याची सोय बंद ठेवा. टॅपने ५,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय जातात. रोजची काढण्याची मर्यादाही कमी करून घ्या.

• शक्यतो बँकेच्या शाखेला लागून असलेले, सुरक्षारक्षक असलेले एटीएम दिवसा वापरा. कार्डाची खाच हलवून पाहा, सैल वाटली तर दुसरीकडे जा. पिन टाकताना दुसरा हात वर धरा.

• रुग्णालयाचे पैसे भरण्यासाठी बाहेरून रोख काढण्याऐवजी काउंटरवरच कार्डाने भरा. टाटा रुग्णालयात रुग्णाच्या स्मार्ट कार्डावर आगाऊ रक्कम भरून ठेवण्याची पद्धत आहे.

• परत आल्यावर पिन बदला आणि पासबुक भरून घ्या.

कृषी सहाय्यक आणि गटप्रमुखांसाठी

शेतीशाळा, पीककर्ज मेळावा किंवा पीएम किसानच्या ई-केवायसीसाठी माणसे जमतात, तेव्हा दहा मिनिटे या विषयाला द्यावीत. तीन गोष्टी विचाराव्यात: खात्याला जोडलेला नंबर चालू आहे का, संदेश कोण वाचते, आणि १९३० हा क्रमांक घरात कुठे लिहिलेला आहे का? बचत गटाच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या मोबाइलवरचा बँकेचा शेवटचा संदेश मोठ्याने वाचून दाखवावा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी वाचणारे माणूस तिथेच ठरवावे.

गावातले एखादे कुटुंब उपचारासाठी मुंबईला निघाले आहे असे कळले, तर प्रवासखर्चाची चौकशी करतो, तशी या गोष्टींचीही करावी. नक्कल करणाऱ्याला आपण थांबवू शकू असे नाही. तक्रारीचे तीन दिवस वाया जाऊ न देणे मात्र आपल्या हातात आहे.